मिऱ्यावर लागलेलं पिंप

मिऱ्याच्या भिकाजी मयेकरांची सून राही दिवसभर सुंभ वळायची. खाजणात, खाडीच्या चिखलात, कुजवलेली नारळाची सोडणं बडवून काथ्या काढायचा आणि पडवीत बसून त्याची दोरी वळायची, हे काम तिने लग्न होऊन आल्यावर शिकून घेतलं होतं. नवरा काशीराम घरच्या मचव्यावर, मालाच्या शिडाच्या होडीवर, तांडेल म्हणजे मुख्य खलाशी. बाप थकल्यावर मचवा त्याच्याकडे आला. पोहणारा असा, की वाडीतली माणसं त्याला मासा म्हणत.

एकोणीसशे सत्तावीस सालच्या कार्तिकात काशीराम जळाऊ लाकूड आणि नारळ भरून मुंबईला निघाला. बरोबर दोन खलाशी होते. जयगड मागे पडलं असेल नसेल, तोच वादळ उठलं. दोघा खलाशांची प्रेतं मालगुंडच्या वाळूत लागली. मचव्याच्या चार फळ्याही मिळाल्या. काशीरामचं मात्र काहीच मिळालं नाही.

प्रेत नाही म्हणून सुतक नाही. सासू गोदूबाई म्हणायची, माझा झील कुठल्यातरी आरबाच्या जहाजावर चढला असणार, येईल. राही रोज सकाळी कुंकू लावायची. आरशात बघताना तिचा हात थबकायचा, पण लावायची. संक्रांतीला बायका तिला हळदीकुंकवाला बोलावत नसत आणि तिच्यासमोर तशी उघड कुणी काही बोलतही नसे. माहेरच्यांनी दोनदा निरोप धाडला की रीतीप्रमाणे बारा वर्षं वाट बघत बसू नकोस, पाट लावून दुसरं घर करून देतो. पाट लावायचा तर आधी नवरा मेला असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. राही ते म्हणू शकत नव्हती. कधीकधी तिच्या मनात येई की एकदाचं काय ते कळू दे, मेला तर मेला. मग दिवसभर तिला स्वतःचीच भीती वाटे.

चार वर्षं अशी गेली. एकतीस सालच्या पौषात, मोठ्या भरतीनंतर, किनाऱ्यावर एक लाकडी पिंप येऊन पडलं. कडेवर मूल घ्यावं एवढंच, शेवाळाने हिरवं झालेलं. कुणी म्हणालं आगबोटीवरचं असेल, कुणी म्हणालं पोर्तुगिजांच्या वेळचं, समुद्राच्या तळातून वर आलेलं. बघायला माणसं जमली. राही सोडणं घेऊन खाजणाकडे चालली होती, तीही थांबली. पिंपाची एक फळी बाकीच्यांपेक्षा जरा रुंद होती. तिने हातातल्या कोयतीने तिथलं शेवाळ खरवडलं, मग थोडं लाकूडही खरवडलं. आतून हळदीसारखा पिवळा रंग दिसला.

ते फणसाचं लाकूड होतं. बाकी सगळं पिंप सागवानी.

ती पिंप उचलून घरी घेऊन आली. भिकाजींनी गंगाराम सुताराला बोलावणं धाडलं. मचव्याचं पाण्याचं पिंप त्यानेच केलं होतं, आणि करताना सागाची एक फळी चिरली म्हणून राहीच्या माहेरून आलेल्या फणसाच्या लाकडाचा तुकडा तिथे बसवला होता. म्हाताऱ्याला आता नीट दिसत नव्हतं. त्याने बोटं फिरवली, बुचाच्या भोकाभोवतीची कड चाचपली आणि म्हणाला, "माझंच हाय. पण ह्या लोखंडी पट्ट्या माझ्या नाहीत. मागाहून कुणीतरी बसवल्यात."

गोदूबाई उठून उभीच राहिली. पट्ट्या मागाहून बसवल्या, म्हणजे मचवा फुटल्यानंतर पिंप कुणाच्या तरी हातात होतं. भिकाजींनी पिंपाचं बूड पाहिलं. चार वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड किडीने पोखरून चाळण होतं, हे त्यांना आयुष्यभराच्या दर्यावर्दीपणाने ठाऊक होतं. इथे किडीची दोन-चार भोकं होती आणि चिकटलेले शिंपले बारीक, नुकते धरलेले. पिंप पाण्यात पडून फार तर महिना-दीड महिना झाला होता. त्याआधी ते कुठेतरी जमिनीवर, कुणाच्या तरी घरात होतं.

"आपला काशीच असणार," गोदूबाई म्हणाली. तिने त्या दिवशी गोड केलं.

राहीने बूच काढून नाक लावलं. पाण्याच्या पिंपाला मुशी माशाच्या तेलाचा वास येत होता. होडीला तळातून चोपडतात ते तेल. तिला कळेना की काशीराम जिवंत असला, तर चार वर्षं दुसऱ्याच्या गावात तेल काढत का बसेल आणि घरी का येणार नाही. आणि नसला, तर पिंप घरात ठेवणाऱ्याला काय माहीत आहे?

कुणाचं मुशीच्या तेलाचं पिंप वाहून गेलंय का, असं मांडवीच्या बंदरात येणाऱ्या होड्यांना भिकाजींनी विचारायला सुरुवात केली. गुहागरकडच्या एका खलाशाने सांगितलं की हेदवीखालच्या वाडीत बाबल्या नावाचा माणूस मुशी मारतो, तेल काढतो, आणि उधाणात यंदा त्याच्या अंगणातलं बरंच सामान वाहून गेलं. सासरा आणि सून चालत निघाली. जयगडाला खाडी ओलांडणाऱ्या तरीत बसून तवसाळला उतरली, डोंगर चढून हेदवीला गेली. वाटेत भिकाजी एकदाच बोलले. म्हणाले, तो तिथे दुसरा संसार मांडून बसला असला तर मी त्याच्याशी बोलणार नाही. राहीने मनाशी ठरवलं, तसं असलं तरी चालेल.

बाबल्याच्या दारात त्याची बायको मथुरा भात पाखडत होती. पिंपाचं नाव काढताच तिने सूप खाली ठेवलं आणि नवऱ्याला हाक मारली. बाबल्या आला, खांबाला टेकून बसला. त्याने काही लपवलं नाही. वादळानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी खडकाच्या कपारीत पिंप अडकलेलं दिसलं. त्याला सुंभाने एक माणूस बांधलेला होता. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता.

"डाव्या पायाची करंगळी?" राहीने विचारलं. काशीरामची ती करंगळी नांगराखाली चिरडून गेली होती.

"नव्हती," बाबल्या म्हणाला.

भिकाजी खाली बसले. मग त्यांनी विचारलं की त्याचं काय केलंत.

"मी जाळला, बाबा. भावाला देतात तसा अग्नी दिला. पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून गावाला सांगितलं नाही. पण दर सर्वपित्रीला त्याच्या नावाचं पान वाढतो. नाव ठाऊक नाही, म्हणून दर्यातला पाहुणा म्हणतो."

राहीला आधी भयंकर राग आला. चार वर्षं ती रोज आरशासमोर उभी राहत होती, आणि ह्या माणसाने एक शब्द कुठे पाठवला असता तर सगळं मिटलं असतं. तिने तसं तोंडावर सांगितलं. मथुरा रडू लागली. बाबल्या मान खाली घालून बसला. मग राहीला तो माणूस डोळ्यांपुढे दिसला, अनोळखी प्रेताजवळ एकटा लाकडं रचणारा, आणि तिचं बोलणं थांबलं. तिने मथुराकडे पाणी मागितलं. अग्नी दिला होता ती जागा बघून, समुद्रात हात बुडवून तिने तिथेच कपाळ पुसलं.

परत आल्यावर भिकाजींनी रीतसर दिवस केले. गोदूबाई मात्र ऐकेना. करंगळी काय, कुणाचीही जाते, मेला तो दुसराच कुणी, असं म्हणून तिने पिंप आपल्या उशापाशी ठेवलं. राहीचं मोकळं कपाळ बघितलं की ती अन्नाला शिवत नसे. उपाशी राहून हातपाय गळाले. शेवटी भिकाजींच्या सांगण्यावरून राही सासूपुढे जाताना कुंकू लावू लागली आणि बाहेर पडताना पुसू लागली. वाडीत कुजबुज झाली. विधवा कुंकू लावते म्हणून दोन घरांनी तिच्याकडून सुंभ घेणं बंद केलं. माहेरचे लोक चिडले. राहीने कुणाला समजावत बसणं सोडून दिलं. म्हातारीला ताटावर बसवायचं, एवढंच तिला समोर दिसत होतं.

पस्तीस सालच्या चैत्रात गोदूबाई गेली. वर्ष झाल्यावर भिकाजींनी स्वतः राहीच्या पाटाची गोष्ट काढली. तिला आधी ते खरंच वाटेना. जाकादेवीकडे आत्माराम म्हणून एक बायको वारलेला शेतकरी होता, भाताची थोडी जमीन आणि एक बैलजोडी असलेला, शांत माणूस. राहीने हो म्हटल्यावर भिकाजी तिला पोचवायला निघाले. घाटी चढताना त्यांना धाप लागत होती, तरी गाठोडं त्यांनी तिच्या हातात दिलं नाही.

आत्मारामच्या अंगणातून चहूकडे कातळ आणि शेतं दिसत होती, समुद्र कुठेच दिसत नव्हता. भिकाजींनी ते बघून घेतलं, आणि मगच ओट्यावर बसले.