साऊनानंतरचं वजन

वजन विचारणारा फोन आला तेव्हा रेनो हाकाला नुकताच साऊनातून बाहेर पडला होता, आणि सगळा घोटाळा झाला तो तिथेच. तासभर घाम गाळलेला, अंगावर फक्त पंचा, आणि बायकोचा वजनकाटा समोरच भिंतीला लागून. काट्यावर उभं राहून त्याने श्वास आत ओढला. आकडा काही मनाला पटला नाही. मग त्यातून पंच्याचे म्हणून थोडे पौंड वजा केले आणि फोनवर ठोकून दिलं, "एकशे नव्वद." अठरा पौंडांचा पंचा कुठल्या गिरणीत विणतात, हे विचारायला तिथे कोणी नव्हतं.

फोनवर होता ड्वेन. कोलोरॅडोत बसून तो माणसागणिक मापाचे स्नोबोर्ड बनवतो. पोरंटोरं ज्यावर उड्या मारतात ते नव्हेत. ही अरुंद, लांब, ताठ फळी असते, प्लास्टिकचे कडक बूट तिच्यावर तिरके आवळायचे, फळी कडेवर उभी करायची आणि घट्ट बर्फात वळणं कोरत खाली यायचं. जमलं तर मागे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक रेघ उरते. नाही जमलं तर झाडू मारल्यासारखा फराटा. ड्वेनने विचारलं होतं की बूट, हेल्मेट, जाकीट सगळं धरून वजन किती, आणि तुमच्याकडे बर्फ कसा असतो. पहिल्या प्रश्नाचा सुरुवातीचा अर्धा भाग रेनोला ऐकूच आला नाही. दुसऱ्याला तो म्हणाला, "सगळ्या प्रकारचा." विषय लवकर मिटवायचा असला की माणूस असंच उत्तर देतो.

गंमत अशी की बर्फाच्या वजनाबद्दल या माणसाशी वाद घालायची कोणाची छाती नव्हती. रेनो काउंटीचा बर्फ लोटायचा ट्रक चालवतो, निम्मं आयुष्य त्याच कामात गेलंय. लेक सुपीरियरवरून वारा कसा आला यावरून तो सांगतो की आज रस्त्यावर भुसभुशीत पडेल की ओला. जाता जाता ट्रकच्या खिडकीतून एखाद्याच्या छपराकडे बघतो आणि म्हणतो, उद्यापर्यंत बर्फ खाली ओढ, नाहीतर आढं मोडेल. आणि ते मोडतंच. गावभरच्या छपरांवरचा भार त्याला तोंडपाठ होता. स्वतःवरचा तेवढा नव्हता.

तसा दोष त्याच्या एकट्याचा नाही. आमच्याकडची रीतच ती. नोव्हेंबरात हरीण मारून आणलं की त्याचं वजन दहावीस पौंडांनी वाढवून सांगायचं, आणि आपलं तेवढ्यानेच कमी करून. दोन्ही आकडे समोरच्याला ठाऊक असतात. तो मान डोलावतो आणि आपल्या हरणाची गोष्ट सुरू करतो.

पण या वेळी नुसती फुशारकी पणाला लागलेली नव्हती. आदल्या हिवाळ्यात रेनो टेकडीवर पडला आणि गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं. महिनाभर बायकोने, सायमाने, त्याला बूट घालून दिले, शर्टाची बटणं लावून दिली, आणि शेवटच्या बटणाला अट घातली. टेकडीच्या मधोमध एक उभा उतार आहे, आदल्या दिवशी पाऊस पडून रात्री गोठला की लख्ख चकाकतो. त्याला सगळे 'काच' म्हणतात. या हिवाळ्यात फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत काचेवर वरपासून खालपर्यंत एक अखंड रेघ दिसली, तर रेनोने खुशाल खेळावं. कुठेही फराटा दिसला, तर बूट विकायचे आणि इथून पुढे हिवाळा काढायचा सायमाच्या बहिणीकडे, ॲरिझोनात. वाळवंटात! बर्फ लोटणाऱ्या माणसाने तिथे करायचं काय? बहिणीचा नवरा दिवसभर पत्त्यांचा डाव मांडून बसतो, तो म्हणे तुलाही शिकवीन.

जानेवारीत नवी फळी आली. दिसायला अशी देखणी की रेनोने ती दोन दिवस स्वयंपाकघरात उभी ठेवली. मऊ बर्फावर पहिली फेरी झाली, लोण्यातून सुरी फिरावी तशी. दुसरी फेरी काचेवर. फळी कडेवर टाकून त्याने भार दिला, तर ती नको तेवढी वाकली, वळण अचानक आखडलं, मागचं टोक थरथरत सुटलं, आणि रेनो उताराच्या तळापर्यंत पाठीवर आला. झाडूचा फराटा पार्किंगमधूनही दिसत होता. पुढच्या आठवड्यांत त्याने कड दोनदा कानशीने घासली, बूट मागेपुढे सरकवून पाहिले, मेण बदललं. फराटा तोच.

मग त्याने ड्वेनला फोन केला आणि लाकूड कुजकं आहे, हात शिकाऊ आहेत, असं बरंच काही सुनावलं. ड्वेनने शांतपणे विचारलं, वजन नक्की तेवढंच ना? रेनोने रागाने फोन ठेवला.

ही सगळी कहाणी तो शेवटच्या रविवारच्या दोन दिवस आधी बेकरीत हिल्मा ओयालाला ऐकवत होता. हिल्मा शाळेची बस चालवते, अंगाने रेनोएवढीच, आणि काचेवरून रेघ ओढत येणारी गावातली एकमेव बाई. वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत तिने सगळं ऐकून घेतलं. आदल्या दिवशी ती रेनोची फळी हाताने वाकवून बघून आली होती.

"फळीत काही खोट नाही रे," ती म्हणाली. "ती एकशे नव्वद पौंडांच्या माणसाची आहे, एवढंच. तो माणूस कुठे भेटला तर त्याला देऊन टाक."

रेनोने आणखी एक पाव मागवला.

हिल्माने मग बसमधल्या पोरांना समजावतात तसं समजावलं. फळी म्हणजे कमान. तुझा भार जास्त आणि कमान मऊ, तर भुसभुशीत बर्फात चालून जातं, बर्फच तिला उचलून धरतो. काच कोणाला उचलत नाही. तिथे फळी ताठ हवी, पिळली न जाणारी, तुझ्या बुटाजाकिटासकटच्या वजनाला पुरून उरणारी. उलट एप्रिलच्या चिखलात तीच ताठ फळी नाक खुपसून तुला पालथं पाडेल. आणि लांबलचक वळणांची फळी आपल्याला नकोच, आपली टेकडी तीन वळणांत संपते. ड्वेनने हेच विचारलं होतं. तू त्याला साऊना सांगितलास.

नवी फळी बनायला दोन महिने लागणार होते, हातात होते दोन दिवस. हिल्मा म्हणाली, माझी घेऊन जा. पण दोन अटी. उद्या दाण्याच्या दुकानातल्या काट्यावर, सगळ्यांदेखत, पूर्ण जामानिम्यानिशी उभं राहायचं. आणि ड्वेनला फोन करून खरा आकडा सांगायचा, कुजक्या लाकडाबद्दल माफी मागायची.

शनिवारी दुकानात कोंबड्यांचं खाद्य न्यायला निम्मा गाव आला होता, किंवा हिल्माने बोलावला होता. ज्या काट्यावर हरणं तोलतात त्यावर रेनो बूट, हेल्मेट, जाकीट घालून चढला. हेल्मेट काढून हातात घ्यायला लागला तेव्हा हिल्मा म्हणाली, "हातात घे नाहीतर डोक्यावर घाल, काटा तेवढंच सांगेल." दुकानदाराने दांड्यावरचं वजन सरकवलं, पुन्हा सरकवलं, आणखी सरकवलं. दोनशे अडतीस. कोणी हसलं नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, शिंगं धरून की वगळून?

मग हिल्मा स्वतः चढली. दोनशे एक्केचाळीस. "म्हणजे मी तुझ्यापेक्षा तीन पौंडांनी हलका," रेनो पटकन म्हणाला. लाज तेवढीच टिकली. हिल्माचा पाय आपल्यापेक्षा मोठा आहे, हेही त्याला तेव्हाच कळलं. म्हणजे तिच्या फळीच्या रुंदीबाहेर त्याचे बूट येऊन बर्फाला घासणार नव्हते.

रविवारी काच अशी गोठली होती की तिच्यात आभाळ दिसत होतं. सायमा थर्मास घेऊन तारेवरून वर जाणाऱ्या पाळण्यात बसली, कारण पाळणा बरोबर काचेवरून जातो आणि तिथून लपवाछपवी चालत नाही. रेनोने फळी कडेवर टाकली. जानेवारीत जिथे सुटली होती तिथे आला आणि सवयीने अंग आखडून घेतलं. पण फळी वाकली तेवढीच, जेवढी वाकायला हवी. तिने त्याचा सगळा भार, साऊनात लपवलेला आणि पॅस्टी म्हणजे मांसाच्या करंज्या खाऊन चढलेला, निमूट घेतला आणि पुढच्या वळणात परत दिला. खाली येऊन तो थांबला तेव्हा त्याला मागे वळून बघायचा धीर होईना.

सायमाने पाळण्यातून एक फेरी मारली. मग खात्रीसाठी दुसरी. खाली उतरून तिने थर्मासातली कॉफी त्याच्या हातात दिली.

"रेघ आहे," ती म्हणाली. "फळी तुझी नाही."

"फळी कोणाची, याचं बोलणं झालं नव्हतं."

"नव्हतं," सायमाने कबूल केलं. थोडा विचार केला. "वजनाचं मला कालच कळलं. दुकानात मी खाद्याच्या पोत्यांमागेच उभी होते."

मार्चमध्ये ती एकटीच आठवडाभर ॲरिझोनाला जाऊन आली. बहिणीच्या नवऱ्याकडून पत्त्यांचा एक डाव शिकून आली आणि आता त्यात रेनोला रोज हरवते. मऊ फळी रेनोने ठेवली आहे. उन्हाने बर्फ ओला झाला की दुपारी तिच्यावरून तो छान खेळतो, आणि ही मी मुद्दाम वसंतासाठीच करून घेतली, असं लोकांना सांगतो.

ड्वेनला फोन मात्र व्हायचाय. शनिवारी करू म्हणतो, पण शनिवारी साऊना असतो, आणि साऊनानंतर खरा आकडा सांगणं त्याला अप्रामाणिकपणाचं वाटतं. रोज सकाळी वळणावर शाळेची बस समोरून येते. हिल्मा एक छोटा हॉर्न देते, तो नमस्काराचा. मग एक लांबलचक देते, तो ड्वेनच्या फोनचा. रेनो बर्फ लोटायचं पातं हातभर वर उचलतो, खाली ठेवतो, आणि ट्रक पुढे काढतो.