शनिवारचं लाइम

हिरवं लिंबू चिरलं की त्या वासासरशी मी थेट लंडनमधल्या क्रॉयडनच्या ट्रॅममध्ये जाऊन बसतो. ऑफिसात रुजू होऊन तीन महिने झाले होते, पण एकानेही घरी बोलावलं नव्हतं. मी भिंतीशी मराठीत बोलायचो आणि भिंत हल्ली उत्तरंही द्यायला लागली होती. अशात शेजारच्या टेबलावरचा त्रिनिदादचा सहकारी म्हणाला, "शनिवारी माझ्या घरी लाइम आहे, चुकवू नकोस!" आपल्याकडे हळदीकुंकू, तसं यांच्यात लिंबू असणार, असं मी ताडलं आणि अख्ख्या क्रॉयडनमधली लिंबं उचलली. वासाने ट्रॅमचा ड्रायव्हरसुद्धा शिंकला. दार उघडून पिशवीत डोकावताच सहकाऱ्याची आई हसत हसत पायरीवरच बसली. "अरे चाइल्ड, आमच्यात लाइम म्हणजे चार माणसांनी जमून चकाट्या पिटणं!" माझा चेहरा पडला, पण क्षणभरच. चकाट्या? त्यात तर मी पुण्याहून डॉक्टरेट घेऊनच आलो होतो! सगळ्या लिंबांचं सरबत झालं, माझ्या थापांना आजूबाजूच्या घरांतूनही टाळ्या पडल्या आणि निघताना आई म्हणाली, "आता दर शनिवारी यायचं." आजही जातो. नव्या पाहुण्यांना ती सांगते, याने ट्रॅमभर लिंबं आणली होती. होती मोजून पंचवीस. पण थापांच्या माझ्याच शाळेत शिकलेल्या बाईला खोटं कसं पाडू?