पाहुणे येणार म्हणून झाडलेलं रान

पूर ओसरला की गाळ उपसावा लागतो. किस्से मात्र आपोआप साचत जातात. आमचं गाव सीना नदीच्या काठावर. देवळाच्या कट्ट्यावर आम्ही चार म्हातारे बसलो की प्रत्येकाजवळ पुराच्या नुकसानीच्या अनुदानाचा एक तरी किस्सा निघतोच. मी बोलतो कमी, त्यामुळे सगळ्यांचे किस्से माझ्याकडे जमा झालेत.

*

अनुदान हवं तर आधी आधारला अंगठा जुळायला हवा. आमच्या कट्ट्यावरच्या भीमाअण्णांचा काही केल्या जुळेना. साबण लावला, खोबरेल लावलं. शेवटी सेवा केंद्रातल्या बाई वैतागल्या. "अण्णा, तुमच्या बोटांवरच्या रेषा गेल्या कुठं?"

अण्णा म्हणाले, "रानात. येता का हुडकायला?"

*

मग तलाठी मॅडम पंचनाम्याला आल्या. पोरगी मायाळू. पण प्रत्येक बांधावर चहा! नाही म्हटलं तर माणसं रुसायची. पाचव्या रानात तिनं हात जोडले. "आता कुणी चहा दिला तर मी नुकसान शून्य लिहीन."

सहाव्या रानात तिला दूध मिळालं.

*

पंचनाम्याला शेतकऱ्याचा रानात उभा राहून फोटो लागतो. भीमाअण्णा लग्नातला फेटा बांधून चिखलात उभे राहिले आणि छान हसले.

"अण्णा, हसू नका. पीक गेलंय तुमचं."

"व्हय की."

पुन्हा फोटो, पुन्हा हसू. मॅडमनी मोबाइल खाली घेतला, तसे अण्णा म्हणाले, "तुमी काढा, मॅडम. रडायचं हुतं ते परवाच रडून झालं."

*

आता आमच्या शकूवहिनीचं सांगतो. माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून ती अर्ध्या एकराचा तुकडा एकटी बघते. सोयाबीन सगळं कुजलं. अनुदान आलं तरच ज्वारीचं बी घेता येणार होतं, नाहीतर रान पडीक.

मॅडम पोचल्या, पंच म्हणून आम्ही चौघं मागं, तर रान स्वच्छ. वहिनीनं दोन दिवस खपून कुजलेलं सगळं उपटून बांधाआड टाकलेलं, वर रान झाडून घेतलेलं.

मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आजी, नुकसान कुठंय? मी फोटो कशाचा काढू?"

"म्हंजी? पावनं येनार म्हटल्यावर घाण तशीच ठिवू?"

मॅडमनी मोबाइलवर तिला मोकळं रान दाखवलं. वहिनीचा चेहरा उतरत गेला. मॅडमनी घड्याळ बघितलं. "मी खालची दोन रानं करून येते," म्हणाल्या, आणि मागं न बघता गेल्या.

आम्ही धोतरं खोचली. बांधाआडचं तिचं सोयाबीन कवळ्यानं उचललं आणि परत रानात टाकायला लागलो. भीमाअण्णा फेट्यासकट. वहिनी आमच्या मागं मागं, आम्ही टाकलेलं नीट करत. "भावजी, असं फेकू नगा. त्या टोकापर्यंत सरळ जाऊ द्या."

मॅडम परत आल्या. कुजलेलं सोयाबीन रानभर ओळीत पडलेलं, सगळे शेंडे एका बाजूला. वहिनी पदर सावरून मधोमध उभी राहिली. मॅडमनी फोटो काढला, पंचनाम्यावर तिचा अंगठा घेतला आणि मग हळूच विचारलं, "आजी, पूर ओळीनं आला होता का हो?"

वहिनी म्हणाली, "पूर कसाबी येऊ दे, मॅडम. प्येरलं हुतं मी."