बाल्कनीतली गिअरची सायकल

निवेदिता माझ्या समोरच्या घरात राहते. शाळेत भूगोल शिकवते. तिची गिअरची सायकल बाल्कनीत उभी असते आणि तिच्यावर घरादाराचे टॉवेल वाळत असतात. नवरा वरद अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्याच कारखान्यात सुपरवायझर, त्यामुळे त्या घरात टॉवेलांना तोटा नाही. मी येता-जाता टोमणा मारायची, "काय गं, कपडे वाळत घालायला एवढी महागाची दांडी?" ती नुसती हसायची. मला त्या हसण्याचा राग यायचा.

सायकल तिनं पाच वर्षांपूर्वी स्वतःच्या पगारातून घेतली. जाड टायर, पुढं शॉकअप. डोंगरात चालवायची म्हणे. आता सोलापुरात डोंगर कुठला आणायचा? पण ही एखाद्या रविवारी उजाडायला निघायची. एकदा मंद्रूपला जाऊन आली, दोन-तीनदा हिप्परग्याच्या तलावावर. एकूण अकरा वेळा. हा आकडा तिनंच मला सांगितलाय.

अकराव्या वेळी ती तलावावर असताना घरी तिच्या सासूबाई, प्रभावहिनी, न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. वरद रात्रपाळी करून झोपला होता, त्याला हाक ऐकू गेली नाही. निवेदिता घामाघूम होऊन परतली तेव्हा जिन्यातून स्ट्रेचर उतरत होतं. तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. भांडून ती मोकळी तरी झाली असती. वहिनी अजूनही तिला सायकल घेऊन फिरून ये म्हणतात, आणि म्हणता म्हणता काठीसाठी चाचपडतात. मग ती कशी जाणार? अशी दोन वर्षं गेली.

यंदा दसरा झाल्यावर बाल्कनीत वहिनींसाठी आरामखुर्ची टाकायचं ठरलं. डॉक्टरांनी ऊन घ्यायला सांगितलं होतं. खुर्ची आणि सायकल दोन्ही मावेनात. वरदनं विकायचा विषय बिचकत काढला, सायकल तुझी, तूच ठरव म्हणाला. दोन दिवसांनी तिनं मोबाइलवर जाहिरात टाकली.

मंद्रूपहून सिद्धलिंगप्पा आले. त्यांना लेकीसाठी, सोनालीसाठी हवी होती. बघू तरी म्हणून ते स्वतःच बसले आणि आमच्या गल्लीच्या उतारावरून निघाले. ब्रेक लागेना. दोन्ही चपला रस्त्यावर घासत कसेबसे थांबले. चिडले नाहीत. वाकून चाकाजवळची ब्रेकची चकती बोटानं पुसली, तर बोट लाल आणि तेलकट.

"बाई, हितं तेल कुनी लावलंय? ब्रेकच्या चकतीला तेल लावत न्हाईत की."

वर जाऊन विचारल्यावर वहिनींनी कबूल केलं. खंडेनवमीला घरातल्या गाड्या पूजायच्या असतात. गेली दोन वर्षं वरदच्या स्कूटरबरोबर वहिनी या सायकलीलाही हळदकुंकू वाहत होत्या.

"ती चकचकीत चकती मला देवाच्या चक्रासारखी दिसली," त्या म्हणाल्या. "कोरडं कुंकू टिकेना, म्हणून तेलात कालवून लावलं. तुला वाटेत काही होऊ नये म्हणून गं."

दोष कुणाचाच नाही, हेच त्या घराचं दुखणं आहे.

सिद्धलिंगप्पांनी ब्रेक दुरुस्त करून ठेवायला सांगितलं, पुढच्या रविवारी सायकल नेतो म्हणाले. निघताना त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "दोन वर्सांत एकदा बी चालवली न्हाय व्हय? नुसता ब्रेक दाबला असता तर कळलं असतं की."

तिनं ब्रेक दुरुस्त करून आणला. शनिवारी संध्याकाळी ती सायकल खाली घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. मी गॅलरीतून बघत होते. मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी तिनं पाय टेकला, मागं वळून स्वतःच्या बाल्कनीकडं पाहिलं आणि परत फिरली. तेव्हा मला माझीच लाज वाटली. इतके टोमणे मारले, पण 'तू जाऊन ये, तासभर मी बसते वहिनींपाशी,' एवढं कधी तोंडातून निघालं नाही. जिन्यात गाठून ते मी आता तिला म्हटलं.

"तुम्ही बसाल हो काकू," ती म्हणाली. "पण माझे कान इथंच राहतात."

रविवारी सिद्धलिंगप्पा वेळेवर आले. मीही तिथंच होते. निवेदितानं त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि उगाच हेलपाटा पडला म्हणून हात जोडले. सायकल विकायची नाही, ती माझ्या पलंगाशी ठेवते, म्हणाली. वरदला हे नवीन होतं.

"मग आता चालवनार म्हना," सिद्धलिंगप्पा म्हणाले.

"नाही. पण विकली, तर मी आता कधीच जाणार नाही, हे ठरूनच जाईल."

त्यांनी कप खाली ठेवला. आतून वहिनींनी हाक मारली, आणि निवेदिता उठून आत गेली.