बांधापलीकडचा फलाट

मी पुण्याच्या एका कंपनीत इंजिनीयर आहे हे हसनाबादेत सगळ्यांना माहीत आहे. तिथं नेमकं काय करते, हे मात्र कुणाला सांगून पटत नाही. मागच्या दसऱ्याला घरी आले ती लॅपटॉप घेऊनच, कारण एक काम गळ्याशी आलं होतं. युरोपातल्या एका शहरात ट्रामची लाइन गावाबाहेर वाढवायची होती. ट्राम म्हणजे रस्त्यालगत रुळांवर धावणारी, रेल्वेपेक्षा लहान गाडी. तिला पुढेमागे जास्तीचे डबे जोडले जाणार होते. तेव्हा नव्या स्टेशनांचे फलाट आत्ताच लांब बांधायचे, की आखूड बांधून पुढची जागा नुसती राखून ठेवायची, हे बघून मला नकाशे करून द्यायचे होते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले, तरी प्रयोग केल्याशिवाय त्यांचा कशावरही विश्वास बसत नाही. आईच्या वरणात मीठ बराबर आहे की नाही, हेसुद्धा ते दोनदा चाखून ठरवतात. माझ्या खुर्चीमागे उभे राहून ते पडद्यावरच्या रेषा बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, की एवढ्याशा ओट्याला इतके दिवस लागत असतील तर तिकडची माणसं गाडीची वाट बघून म्हातारी होतील. ओटा एवढासा नाही, म्हणून मी लांबी सांगितली. ती त्यांना पटली नाही. शाळेच्या मैदानावर पोरांना सूर्य आणि ग्रह करून पळवणारा माणूस तो. फलाटाची काय कथा. तो वावरातच खऱ्या मापानं आखून बघायचं त्यांनी ठरवलं.

सोयाबीन निघालं होतं, वावर मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. अण्णांच्या हातात टेप आणि नायलॉनची दोरी, माझ्या हातात रेषा आखायच्या फक्कीची पिशवी. आईचे गुडघे दुखतात, पण बापलेक काय येडेपणा करतात ते बघायची संधी ती सोडणार नव्हती.

आजच्या गाडीएवढा फलाट आमच्या वावरात आरामात बसला. अण्णा खूश झाले आणि आता लांब गाडीचा आखू म्हणाले. दोरी पुढे सरकली आणि बांधाशी येऊन अडली. फलाट संपला नव्हता. आमचं वावर संपलं होतं.

पलीकडचं वावर अण्णांच्या थोरल्या चुलतभावाचं, म्हणजे माझ्या काकांचं. बांधावरच्या एका बोरीवरून दोघांचं बिनसलं, तेव्हा मी शाळेत होते. ती बोर केव्हाच वाळून गेली. अबोला मात्र हिरवागार राहिला. विहारात वंदनेला दोघं येतात, पण एक या भिंतीला, एक त्या भिंतीला. काही कळवायचंच झालं तर तिसऱ्या माणसाला धरतात. मला वाटलं, अण्णा इथूनच परत फिरतील. पण प्रयोग अर्धा सोडणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी दोरी उचलली आणि बांध ओलांडला.

काकांना खबर लागायला वेळ लागला नाही. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते, आणि बसस्टँडवर तर बातमी झाली होती, की रेल्वेची मोजणी सुरू झाली आणि मोजायला मास्तरांचीच पोरगी आली. काका मोटरसायकल उभी करून आले, पांढरी रेष पाहिली आणि अण्णांकडे न बघता मला म्हणाले,

"माय, माझं वावर काहून मोजून राह्यले?"

मी सगळं समजावून सांगितलं. रेल्वे येत नाही हे ऐकून त्यांना बरं वाटलं की वाईट, ते काही चेहऱ्यावरून कळलं नाही. ते रेषेवरून चालत पार टोकाला गेले आणि तिथून मोठ्यानं विचारलं, की शेवटच्या डब्यातून इथं उतरलेला माणूस बाहेर कुठून जाणार. मी म्हटलं, नकाशात रस्ता एकाच टोकाला आहे, म्हणजे इथं आमच्या वावराच्या फाटकाकडे.

"म्हंजे उतरायचं माझ्या वावरात अन् जायचं ह्यांच्या फाटकातून?" काका म्हणाले. "माझ्या वावराला रस्ता न्हाई का?"

प्रश्न मला असला तरी निरोप अण्णांना होता. तो मी पोचवायच्या आतच अण्णा बोलले.

"भाऊ, तुमच्या रस्त्याला चिखल किती राह्यतो. लोकं पडतील ना घसरून."

इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य, आणि तेही चिखलाबद्दल.  काका म्हणाले, की चिखल होतो तो अण्णांच्या वावरातल्या पाण्यानं. अण्णांनी उताराचा नियम सांगितला. काकांनी तो मानला नाही. बोलणं एकदा सुरू झालं ते थांबेचना, आणि मी फक्कीची पिशवी धरून दोघांच्या मधे उभी.

तेवढ्यात लक्षात आलं, आई आमच्यासोबत नाही. ती मागे बांधावर बसून गुडघा चोळत होती. मी जवळ गेले तर म्हणाली,

"तुमचं टेशन लई लांब झालं बाई. मी आपली इथंच उतरते."

मी हसले, मग वळून त्या टोकाकडे पाहिलं. पडद्यावर ही लांबी माझ्या बोटाएवढी होती. शेवटच्या डब्यातून उतरणाऱ्या आईसारख्या बाईचं घर मागच्याच बाजूला असलं, तरी तिला अख्खा फलाट चालून वळसा घालून यावं लागणार होतं. दुपारी घरी येऊन मी नकाशात मागच्या टोकालाही उतार आणि रस्ता टाकला. अहवालात कारणं शिस्तीत लिहिली. काकांचा मान त्यात कुठल्या मुद्द्याखाली बसवावा, ते काही सुचलं नाही. तिकडच्या लोकांनी फलाट तूर्त आखूडच बांधायचं ठरवलं आणि पुढची जागा राखून ठेवली. मागच्या टोकाचा रस्ता मात्र त्यांनी लगेच मान्य केला. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली, जणू त्यांची सहीच बाकी होती.

पुढचं मला आईनं फोनवर सांगितलं. हरभऱ्याच्या पेरणीआधी दोघं भाऊ मिळून बियाणं आणायला जाफराबादला गेल्ते. कुठलं वाण चांगलं यावरून बसमध्ये त्यांची अशी जुंपली, की कंडक्टरनं एकाला पुढच्या आणि एकाला मागच्या सीटवर बसवलं. येताना मात्र बस रिकामी असूनही दोघं एकाच सीटवर बसून आले, आणि बियाण्याची पिशवी दोघांच्या मांडीवर अर्धी अर्धी होती म्हणे.