‘पीएलएस’चे जनक

इंटरनेटवर आज जगभरातली माणसं ज्या तुटक, स्वर गिळलेल्या भाषेत एकमेकांना निरोप धाडतात, ती भाषा बहरीनच्या राजधानीत, मनामातल्या एका शिपिंग ऑफिसच्या टेलेक्स-रूममध्ये आमच्या भाईंनी एकट्याने जन्माला घातली. हे मी म्हणत नाही, भाई म्हणतात. पण ते म्हणत असताना शेजारी बसून मान हलवायचं काम इतकी वर्षं माझ्याकडे होतं, तेव्हा थोडी जबाबदारी माझीही. मी मुळात कमी बोलणारा. मान हलवली की बोलावं लागत नाही, ही सोय मला फार लवकर कळली होती.

भाई मूळचे रत्नागिरीकडचे. ऑफिसात ते टेलेक्स ऑपरेटर आणि मी त्यांच्या हाताखाली नव्याने लागलेला कारकून. टेलेक्स म्हणजे तारेवरून निरोप टाइप करून धाडायचं मशीन; त्याचं बिल मिनिटावर यायचं, म्हणून ‘प्लीज’चं पीएलएस, ‘थँक्स’चं टीकेएस, ‘रिगार्ड्स’चं आरजीडीएस, असे सगळे शब्द कोलंबीसारखे सोलून पाठवायचे. पुढे मशीन गेलं, फॅक्स आला, तोही गेला, भाई निवृत्त होऊन मनामाजवळच्या ईसा टाउनला मुलीकडे राहायला आले, तरी त्यांच्या बोटांचं बिल अजून मिनिटावरच चालू आहे. शुक्रवारच्या बिर्याणीचं आमंत्रण ‘एफआरडी बीआरवायएन सीएम’ असं येतं. पहिल्यांदा आलं तेव्हा बायकोला वाटलं, कुणीतरी आमचं विमानाचं तिकीट काढलंय. एकदा आमच्या कोकणी मंडळींच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर एकाचे वडील गावी वारल्याची बातमी आली. सगळे हात जोडत होते आणि मध्येच भाईंचा निरोप झळकला, ‘एनटीडी टीकेएस आरजीडीएस’. म्हणजे नोंद घेतली, आभार, कळावे. लोक भडकले. भाई म्हणाले, “अरे, टेलेक्सवर दुःखाला वेगळा रेट होता काय?” मात्र त्या माणसाला एअरपोर्टवर सोडायला गेले ते भाईच, आणि वाटेत त्याच्याबरोबर रडलेही तेच.

लिहिण्यातली ही सगळी काटकसर ते बोलण्यात उधळून टाकतात. “तोंडाला मीटर नाय रे, चिपळूण!” असं मला म्हणतात. माणसाला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारायची त्यांची रीत आहे. करक, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाच्या दुकानावर पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली दिसली की भाईंच्या अंगात येतं. “एलओएल? हसायला पण शॉर्टकट? बरं, शॉर्टकट काढला कोणी, ठाऊक हाय?” एकदा एक मल्याळी पोरगा धीर करून म्हणाला, “चाचा, ये सब तो अमेरिका से आया.” भाई कपासकट उठले. “और अमेरिका को टेलेक्स कौन भेजता था? मैं!” पोरगा परत मोबाईलमध्ये शिरला. मग भाई माझ्याकडे वळले, “विचार या चिपळूणला,” आणि मी मान हलवली.

मुलीच्या घरात दुपारी भाईंजवळ बसून त्यांचं ऐकणारं माणूस एकच, त्यांची नात. मराठी सगळी समजते, उत्तर इंग्रजीत देते. शाळेत तिला प्रोजेक्ट करायचं होतं, तर पोरीने विषय घेतला, इंटरनेटवरची ही आखूड अक्षरं आली कुठून. पहिल्याच पानावर नानांचा, म्हणजे भाईंचा, फोटो, खाली ‘इन्व्हेंटर’. मग तिने स्वतः शोधाशोध केली, आणि फोटोबद्दल तिला शंका यायला लागली. इथे शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो, त्याच दिवशी वर्गापुढे वाचायचं होतं. मी शुक्रवारी बिर्याणीला गेलो तर पोरगी वाटच बघत होती.

“अंकल, टेल मी ऑनेस्टली. यू वर देअर. नानाने खरंच इन्व्हेंट केलं?”

भाई खुर्चीत ताठ झाले. “सांग तिला, चिपळूण. खलास करून टाक एकदाचं.”

मी मान हलवली असती तर रविवारी सगळा वर्ग पोरीला हसला असता. नाही म्हटलं तर जे एक माणूस भाईंचं ऐकतं, त्याच्यासमोर भाई खोटे पडणार होते. “नाही गं,” मी म्हणालो. “भाईंच्या आधीचे ऑपरेटरही असंच टाइप करायचे, जुन्या फायलींत बघितलंय मी. भाईंना ते कुणीतरी शिकवलं असणार.”

भाईंनी कप उचलला, आत बघितला. “चहा गार झाला,” म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. कपात चहा नव्हताच.

पोरगी माझ्यावर खेकसली, “यू कुड हॅव टोल्ड मी आउटसाइड!” अगदी बरोबर होतं तिचं. इतकी वर्षं गप्प बसलो आणि तोंड उघडलं तेही चुकीच्या जागी. ती त्यांच्या मागे गेली. दार अर्धवट उघडं राहिलं.

“नाना, हू टॉट यू?”

भाई पलंगावर बसल्याचा आवाज आला.

“केरळचा एक म्हातारा होता. म्हातारा कसला, आत्ताच्या माझ्याहून तरणाच असेल. मी मागे उभा राहून बघायचो. माझ्या हातून चूक झाली तर साहेबाला सांगायचा, माझीच झाली.”

“व्हॉट वॉज हिज नेम?”

“तेच आठवत नाय गं.” भाईंचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. “सुट्टीवर गेला, मला मशीनवर बसवून. परत आला नाय.”

“अँड देन, नाना?”

मग भाई सांगायला लागले. हळूहळू, आठवून आठवून. अमेरिका नव्हती त्यात, स्वतः भाईही जेमतेम होते. मी बाहेरच्या दाराशी येऊन चपला घातल्या आणि खाली गाडीत जाऊन बसलो. तीस-एक वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसलो होतो. ‘पुढे काय झालं, भाई?’ एवढं मात्र मी त्यांना कधीच विचारलं नव्हतं.