नवाबाची कात

बांधावरून चालायला लागून दोन तास होऊन गेले होते आणि लालबानू अजून सासूच्या दहा पावलं मागेच होती. वारा समोरून आला की दहा पावलंही कमी पडायची. शुकुरजानच्या डोक्यावरच्या करंडीतून येणाऱ्या त्या वासाला काय म्हणावं हे लालबानूला आठ महिन्यांत सापडलेलं नव्हतं. कुजलेला बेडूक म्हणावं, तर बेडूक इतका कडवट कुजत नाही. वर ओल्या पंच्याचा आंबूस दर्प, खाली सापाने घाबरून सोडलेली घाण, आणि हे सगळं चैत्राच्या उन्हात शिजत असलेलं.

"पाय उचल गं," शुकुरजान मागे न बघता म्हणाली. "वरातीत चाललीयेस का?"

"येतेय, अम्मा. सावली पडायला नको म्हणून मागे राहतेय."

"हां, ते बरीक खरं."

बाईने आपल्या चार दिवसांत सापाच्या करंडीला हात लावायचा नाही, तिच्यावर सावलीही पाडायची नाही, असा भटक्या बेदे जमातीतल्या सापवाल्यांचा रिवाज. लालबानूने पहाटे सेहरीच्या वेळीच सासूला सांगून टाकलं होतं की आजपासून माझे दिवस आहेत. ते खोटं होतं. करंडी डोक्यावर घ्यावी लागू नये एवढ्यासाठी ती खोटं बोलली. पण एक खोटं बोललं की त्याच्यामागे दुसरं हात धरून येतंच. विटाळात रोजा नाही, मग रोजा मोडावा लागला. आणि रोजा नाही म्हटल्यावर पाणी प्यावं लागलं, तेही सासूच्या डोळ्यांदेखत. दर सावलीला शुकुरजान स्वतः थांबायची, पिशवीतली बाटली काढून द्यायची आणि म्हणायची, "पी गं, तुला माफ आहे." एकोणिसावा रोजा. शुकुरजानच्या ओठांवर पांढरी साय धरली होती.

लालबानूचं माहेरही बेद्यांचंच, पण सापाचं नव्हे. तिच्या घरची माणसं तळ्यात पडलेले दागिने शोधून देत. कुणाची नथ पडायची, कुणाचा कानातला झुबा. बाप लांब दांड्याचं दाताळं घेऊन गळाभर पाण्यात उतरायचा, आई गाळ चाळायची. त्या गाळात हात घालताना लालबानूला कधी काही वाटलं नाही. चिखल तो चिखल, धुतला की गेला. सासरी आली तर तंबूत तांदळाच्या डब्याशेजारी किड्यांचा डबा, आणि निजायच्या चटईला टेकून नवाब नावाचा नाग. पहिल्याच आठवड्यात तिने शुकुरजानला नवाबाच्या खवल्यांतून सुईने गोचिडी काढताना पाहिलं. टाचलेली गोचीड रक्ताने टरारलेली होती. शुकुरजानने ती नखावर फोडली, नख लुगड्याला पुसलं आणि त्याच हाताने सुनेला भात वाढला. लालबानू त्या दिवशी जेवली नाही.

शुकुरजान जन्मली नावेत. बापाने लग्नात तिला दोन नाग, एक तुंबडी आणि एक तांब्या दिला. पंधराव्या वर्षापासून ती गावोगाव फिरते आहे आणि नवरा घर सांभाळतो, कारण त्यांच्यात कमावती बाईच. नाव कुजली, तांडा नदीकाठच्या तंबूत आला, चार पोरं मोठी झाली. म्हाताऱ्याने उंबऱ्याबाहेर पाय टाकला नाही. "बसून बसून त्याला मूळ फुटेल एक दिवस," असं ती चारचौघांत म्हणायची आणि म्हातारा हसायचा. तिच्याजवळचे दोन साप थंडीत मेले. उरला हा एक. मागच्या कातीच्या वेळी ती त्याला म्हाताऱ्याच्या भरवशावर ठेवून गेली आणि म्हाताऱ्याने करंडी उन्हात ठेवून झोप काढली. कात सुकली, तुकड्यातुकड्यांनी निघाली. डाव्या डोळ्यावरची कातीची टोपी तशीच राहिली. आता पुन्हा डोळे दुधाळ झाले होते, पाठीची कळा गेली होती. ह्या खेपेलाही टोपी राहिली तर जुन्यावर नवी चढेल आणि डोळा जाईल. आणि ज्या नागाला समोर हलणारी मूठ दिसत नाही तो फणा कशावर काढणार? म्हणून अकरा दिवस खेळ बंद होता. ओल्या पंच्यात गुंडाळून ती त्याला बरोबर घेऊन हिंडत होती.

बांधाच्या दोन्ही अंगांना पाणीच पाणी, पण ते कोळंबीच्या तळ्यांचं, खारं. त्याने कात आणखी वाळते. गोडं पाणी काय ते बाटलीत आणि गावातल्या हापशावर.

दुपारी दोघी वाटेतल्या गावच्या हाशेम मातब्बरांच्या अंगणात पोचल्या. मातब्बरांच्या बायकोची दाढ ठणकत होती. रमजानात शुकुरजान तुंबडी लावत नसे. रक्त ओढताना तोंडात गेलं तर रोजा जाईल. मात्र दाताची कीड काढण्याने रोजा जात नाही. तिने बाईचा जबडा उघडला, मुळीची काडी आत फिरवली, मंत्र पुटपुटली आणि काडीच्या टोकावर दोन पांढऱ्या अळ्या वळवळताना दाखवल्या.

"या अल्ला! एवढ्या होत्या?"

"अजून असतील, माय. पान कमी खा."

त्या अळ्या कुठल्या डब्यातल्या, हे लालबानूला ठाऊक होतं. बाई त्यांच्याकडे श्रद्धेने बघत होती आणि हनुवटीवरून लाळ गळत होती. लालबानूने तोंड फिरवलं. सासूचा रोजाही खरा आणि ही अळीही खरी, हे तिच्या पोटात एका जागी बसेना.

मातब्बर छत्री टेकत आले. "करंडीत काय आहे गं?"

"साप आहे साहेब, पण आजारी आहे. कातीवर आलाय."

"कातीवर?" मातब्बरांचे डोळे चमकले. "वा! माझ्या लेकीला सातवा लागलाय. जित्या सापाची ओढून काढलेली कात कमरेला बांधली तर बाळंतपण सुखाचं होतं म्हणतात."

"चार दिवसांत पडेल. पडली की अख्खी आणून देते. फुकट देते."

"पडलेली म्हणजे मेलेलं कातडं. त्याने काय होणार? ओढ आत्ता."

"ओढून नाही निघत, साहेब. खालचं कोवळं सोलून येतं. तुमच्या नखाखालचं मांस ओढलं तर?"

"बेदीण मला शिकवतेय!" म्हणत त्यांनी छत्रीच्या टोकाने झाकण उडवलं.

नवाबाला दिसत नव्हतं. तो आवाजावर उठला आणि त्याने छत्रीवर तोंड आपटलं, एकदा, दोनदा, तीनदा. मातब्बर हसत होते. कडेला जमलेली माणसंही हसली. चौथ्या खेपेला नाकावरची कात टरकली आणि ओठाशी लोंबायला लागली.

"बघ, सुटायला लागलीच की! आणा रे चिमटा."

शुकुरजानने झाकण ओढलं आणि त्या करंडीवर ती पालथी पडली, पोट टेकून, दोन्ही हात खाली घालून. "आधी माझी कात ओढा," ती म्हणाली. "म्हातारीची सैल झालीये, पटकन निघेल."

कुणीतरी खिदळलं. मातब्बर मात्र लाल झाले. पानाचा रस ओठांच्या कोपऱ्यातून दाढीत उतरत होता, तो त्यांनी पुसलाही नाही. "हाकला ह्यांना. हापशाला हात लावू देऊ नका." ज्या बाईच्या तोंडात शुकुरजानची बोटं आत्ताच फिरली होती, तिने ओंजळभर राख घेऊन स्वतःची हनुवटी घासली आणि लालबानू जवळून गेली तेव्हा नाकाला पदर लावला.

फाटकाबाहेर आल्यावर लालबानूला ओकारी आली. ती बांधाच्या कडेला वाकली, पण नुसतं पाणी पडलं. सकाळपासून प्यायलेलं सगळं पाणी. त्या वासामुळे आली म्हणावं, तर करंडी तेव्हा चांगली वीस पावलं पुढे होती.

पुढचं गाव तासाभरावर होतं. अर्ध्या वाटेत शुकुरजान एका खुरट्या बाभळीखाली बसली आणि तिने झाकण काढलं. पंचा कडक वाळला होता. नाकावर टरकलेली कात कागदासारखी सुकून मागे वळली होती आणि बरोबर डाव्या डोळ्याच्या काठाशी येऊन चिकटली होती.

"बाटली दे."

लालबानूने दिली. शुकुरजानने ती उन्हाकडे धरली. तळाशी घोटभर पाणी होतं.

"एवढंच?"

सकाळी बाटली भरलेली होती.

"गेल्या मंगळवारीच तू नळावर माझ्या शेजारी बसून फडकी धुतलीस, पोरी," शुकुरजान म्हणाली. "एका तंबूत राहून कुणाचे दिवस लपतात होय?"

"मग..." लालबानू म्हणाली. "मग पहाटे का नाही बोललात? पाणी कशाला देत राहिलात?"

"रोजा तुझा आणि अल्लाचा. त्यात सासूने का नाक खुपसावं? उन्हात पोरगी तहानेने पडली असती तर मी दोघांना उचलणार होते का? आणि वाटलं, हिला वास सोसत नसेल. चालू दे मागून."

"तुम्हाला सोसतो?"

"मला?" शुकुरजानने तिच्याकडे असं पाहिलं, जणू लालबानूने काहीतरी फारच येडपट विचारलं होतं. "चाळीस वर्षं झाली. अजून सकाळी करंडी उघडताना श्वास धरते. शी! म्हातारा म्हणतो, तुझ्या लुगड्यालाच तो वास आहे, लांब झोप. काय करू? धुऊन जात नाही."

बोलता बोलता तिने दोन्ही हात करंडीत घातले. एका हाताने मानेमागे धरलं, दुसऱ्याने अंग मांडीवर घेतलं. नवाब संथपणे तिच्या मनगटाला वेढत होता. निस्तेज, मळकट, जागोजागी सुरकुतलेला, पोटाला शेण फासलेला. डोकं वर आलं तेव्हा ते दुधाळ डोळे लालबानूला शिजलेल्या माशाच्या डोळ्यांसारखे दिसले.

"ओतून उपयोग नाही," शुकुरजान म्हणाली. "एवढंसं पाणी, ओघळून जाईल. तोंडात घेऊन बारीक उडवावं लागतं. मी आत घेतलं तर आज घसा माझं ऐकायचा नाही, गिळूनच टाकीन. आणि हात सोडता येत नाहीत."

"विषाचे दात आहेत त्याला?"

"पंधरा दिवसांपूर्वी काढले होते. आता फुटले असतील, नसतील. कातीच्या दिवसांत मी त्याचं तोंड उघडत नाही."

लालबानू उभीच होती. तळ्याच्या खाऱ्या पाण्यावरून गरम वारा आला आणि डोळ्याच्या काठावरचा तो कागद थरथरला.

"बस खाली. अजून जवळ ये. नाक मिटायचं तर मीट, मला राग नाही," शुकुरजान म्हणाली. "पण पाणी तोंडात घे, गिळू नकोस, आणि डाव्या डोळ्यावर उडव. डोळे उघडे ठेव गं बाई, नेम चुकायला नको. एवढं कर माझ्यासाठी."